उद्घाटनाआधीची बाग

भिंतीच्या कडेला चपलांची रांग दिसली, तेव्हा मला वाटलं आत कुणीतरी गेलं असावं. आपल्याकडे इतक्या चपला आणि इतकी शांतता दोनच ठिकाणी एकत्र सापडतात, आणि इथं देऊळ तर नव्हतं.

इथं होती नगरपालिकेची नवी बाग. म्हणजे व्हायची होती. झाडं लावून झाली होती, झोपाळे टांगून झाले होते, कारंज्याला निळा रंगही देऊन झाला होता. पण उद्घाटन झालं नव्हतं. उद्घाटन न झालेल्या बागेला सरकारी भाषेत बाग म्हणत नाहीत, 'काम' म्हणतात. आमदारांची तारीख मिळाली तेव्हा नगराध्यक्षांना मंत्री हवे होते. मंत्र्यांची मिळाली तेव्हा आचारसंहिता लागली. आचारसंहिता उठली तोवर मंत्री बदलले. या सगळ्या काळात पुढच्या फाटकाला कुलूप होतं आणि कुलपाला गंज चढत होता.

शेवटी एक मंत्री मिळाले आणि उद्घाटन दुसऱ्या दिवशी सकाळी ठरलं. सूत्रसंचालन माझ्याकडे. मी कॉलेजात मराठी शिकवत असे, पण गावात येऊन थोडीच वर्षं झाली होती आणि प्राध्यापक म्हणून मला फारसं कुणी ओळखत नसे. 'माईकवाले सर' म्हणून शेंबडं पोरही ओळखे. सत्कार असो, शोकसभा असो, बैलांचं प्रदर्शन असो, दोन वक्त्यांच्या मधली जागा मी भरून काढत असे. नगरपालिकेतले हेडक्लार्क म्हणाले, "सर, एकदा बाग बघून या, म्हणजे बोलायला बरं." फाटकाची किल्ली ज्यांच्याकडे होती ते किल्लीसकट पुतणीच्या लग्नाला गेले होते, म्हणून मी पाचाच्या सुमाराला पिठाच्या गिरणीला वळसा घालून मागच्या बाजूला आलो.

तिथं कंपाउंडची भिंत एका कडुनिंबापाशी अर्धवट राहिली होती. त्या भगदाडाशेजारी स्टुलावर बाबासो रखवालदार तंबाखू मळत बसले होते.

"काय ओ सर, इकडं कुठं?"

"बाग बघायला आलो."

"बाग बंद हाय."

"मग या चपला कुणाच्या?"

बाबासोंनी चपलांकडे जन्मात पहिल्यांदा पाहिल्यासारखं पाहिलं. "असतील कुणाच्या तरी."

"आत माणसं आहेत?"

"मला सायबांनी काय सांगितलंय, आतनं आवाज आला की कळवायचं." त्यांनी पलीकडच्या भिंतीकडे मान उडवली. त्या भिंतीला लागूनच मुख्याधिकाऱ्यांचा बंगला होता. "आता आवाजच येत न्हाई, तर काय कळवू? तुम्हाला येतोय?"

मी कान दिला. "नाही."

"मग झालं तर." त्यांनी चिमूट ओठात सोडली. "जायचं असंल तर चपला काढा. आत पायाचे ठसे उमटतात. आणि सर, राग मानू नगा, तुम्ही बोलता लई. आत बोलू नगा."

मी चपला काढल्या आणि भगदाडातून आत शिरलो.

समोर निम्मा पेठभाग खेळत होता, आणि आवाज नव्हता.

तांबड्या मातीच्या चालण्याच्या वाटेवरून माणसं अनवाणी चालली होती. झोपाळ्यांवर पोरं उंच जात होती, पण कड्या कुरकुरत नव्हत्या. कुणीतरी त्यांना गोडंतेल घातलं होतं. घसरगुंडीवरून एकेक पोर स्वतःच्या तोंडावर तळहात दाबून खाली येई आणि वाळूत पडल्यावर हात काढून लांब श्वास सोडी. त्यांतली दोन माझ्या शेजारची होती. त्यांना मी गप्प बसलेलं त्याआधी पाहिलं नव्हतं. झोपेतही ती बोलत. व्यायामाच्या लोखंडी यंत्रांवर बायका नऊवारीचा काचा मारून पाय मारत होत्या, आणि त्यांच्यातली एक भाजी निवडत होती. स्केटिंगसाठी गुळगुळीत फरशीचा मोठा गोल केला होता. गावात स्केटिंग कुणाला येत नव्हतं, आणि ठेकेदारालाही ते नेमकं काय असतं हे ठाऊक असावं असं वाटत नव्हतं. त्या गोलावर दोन पोक्त बायका फुगडी घालत होत्या. उखाणा नाही, पिंगा नाही, नुसती गरगर. फुगडीसाठी याहून चांगली जागा माझ्या पाहण्यात नाही.

पिंपळाच्या रोपाखाली हास्यक्लब चालला होता. सात-आठ पेन्शनर गोल करून उभे होते, दोन्ही हात आकाशाकडे, तोंडं उघडी, पोटं गदागदा हलत होती आणि घशातून चकार शब्द नाही. मी बरेच हास्यक्लब पाहिलेत. खरं हसू मी फक्त तिथं पाहिलं, कारण आवाज न करता हसायचं म्हटलं की माणसाला खरंच हसू येतं.

एक बाई माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. साठीच्या, ठेंगण्या, कपाळाला विभूतीची बारीक रेघ.

"तुम्ही माईकवाले सर ना?" त्या कुजबुजल्या. "या. आम्ही तुमचीच वाट बघत होतो."

"माझी?" मी म्हणालो.

आख्ख्या बागेनं माझ्याकडे पाहिलं. माझा नेहमीचा आवाज होता. त्या बागेत तो बैल शिरावा तसा शिरला.

"कुजबुज चालते," बाई म्हणाल्या. "बोलणं नाही. मी रत्नप्रभा जंगम. काकू म्हणतात मला सगळे."

काकूंनी मला बाग दाखवली. पुढच्या आयुष्यात मी परदेशातल्या दोन-तीन नामांकित बागाही पाहिल्या. तिकडे हिरवळ चांगली असते. पण या बागेत एक कागद पडलेला नव्हता, एक फूल तोडलेलं नव्हतं, एका झाडावर बदामात नाव कोरलेलं नव्हतं. आपण इथं आलोच नाही असं ज्या लोकांना दाखवायचं असतं, ते किती नीट वागतात हे नागरिकशास्त्राच्या पुस्तकात यायला हवं. कॅरमच्या बोर्डाखाली गोधडीच्या घड्या होत्या. क्रिकेटला सर्वानुमते बंदी होती. "फलंदाज बाद झाला की ओरडल्याशिवाय पोरांच्यानं राहवत नाही," काकू म्हणाल्या. "आणि न ओरडता बाद केला तर तो जात नाही."

बॅडमिंटनच्या कोर्टाभोवती मात्र गर्दी होती. उंच लोखंडी खुर्चीवर अंपायर बसले होते. सत्तरीचे, रुंद खांद्यांचे, पांढऱ्या मिशा, डोक्यावर तिरकी टोपी. उजवा हात मांडीवर स्वस्थ ठेवलेला, सगळा कारभार डाव्या हातानं. एक बोट, दोन बोटं, तीन बोटं, अशी गुणसंख्या चालली होती. शटलचं फूल रेषेबाहेर पडलं की भुवई वर. कुणी वाद घालायला लागला की ते नुसतं त्याच्याकडे बघत, आणि तो माणूस शेवटी हात जोडून सर्व्हिस करायला जाई. एका पोरीनं अवघड फूल उचललं तेव्हा अंपायरांनी मिशीला पीळ देऊन असा काही चेहरा केला की सगळे प्रेक्षक पोट धरून वाकले. निःशब्द.

"हे कोण?" मी कुजबुजलो.

"आमचे हे," काकू म्हणाल्या. "अण्णा म्हणतात त्यांना."

पोरगी जिंकली. प्रेक्षकांनी टाळ्यांसाठी हात उचलले, तळहात वेगानं एकमेकांकडे नेले आणि अलगद टेकवून थांबवले. बिनआवाजाची टाळी. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, सगळे त्या पोरीला नमस्कार करताहेत.

सामना संपल्यावर अण्णा पोरीच्या खांद्याचा आधार घेत सावकाश खाली उतरले आणि मला कॅरमवर बसायची खूण केली. ते डाव्या हातानं खेळत. डावखुरे असावेत, मी मनात म्हटलं. खेळता खेळता मी सवयीनं तोंड उघडलं. "तुम्ही पूर्वी कुठं नोकरीला..."

अण्णांनी ओठांवर बोट ठेवलं. इतक्या अधिकारानं माझ्या हेडमास्तरांनीही कधी ठेवलं नव्हतं. मी गप्प बसलो आणि हरलो. राणी जाताना त्यांनी माझ्याकडे ज्या दयेनं पाहिलं ती अजून आठवते.

बागेच्या या नियमाचा एवढा कडक राखणदार दुसरा नसेल, असं मी काकूंना सांगितलं. त्यांनी मला एका जास्वंदीपाशी नेलं आणि फांदी बाजूला केली. मागे दगडी अळंबीसारखं काहीतरी होतं, हिरव्या रंगाचं, पोटाला जाळी.

"स्पीकर," काकू म्हणाल्या. "दर झुडपात एक आहे. उद्या नारळ फुटला की सुरू. सकाळी फाटक उघडल्यापासून रात्री बंद होईतो गाणी, मधे मधे नगरपालिकेच्या सूचना आणि सराफांच्या जाहिराती. ठेकेदाराशी करारच झालाय तसा."

"मग? बागेत गाणी असतातच की."

"असू देत. दिवसभर वाजू देत." काकूंनी पदर खांद्यावर घट्ट केला. "फक्त पाच ते सहा. एक तास. तेवढा वेळ स्पीकर बंद आणि बोलणं बंद, आत्ता आहे तसं. एवढं मंत्र्यांकडून घेऊन द्या."

"मी?"

"माईक तुमच्याच हातात असतो."

"काकू, निवेदकाच्या हातात माईक असतो, सत्ता नसते."

"आमच्या हातात दोन्ही नाही."

मी विचारलं, शांततेची एवढी काय हौस? आता बाग उघडणार, मुख्याधिकाऱ्यांची भीती नाही, मनसोक्त बोला, हसा. काकूंनी कोर्टाकडे पाहिलं. अण्णा आता दोन पोरांचं भांडण सोडवत होते, एका भुवईनं.

"सवय झालीय," त्या म्हणाल्या. "एक तास गेला तर आमचं सगळंच गेलं, एवढं समजा."

मला नाही म्हणायला जीभ रेटेना, म्हणून बघतो म्हणालो.

सहा वाजता भिंतीपलीकडे साहेबांची जीप आल्याचा आवाज झाला आणि बाग आवरायला लागली. गोधड्या निघाल्या, भाजीचे देठ पदरात गेले, झोपाळे हातानं थांबवले गेले. शेवटी चौघं जण कडुनिंबाचे डहाळे घेऊन उलट्या पावलांनी चालत आली आणि वाटेवरचे सगळे ठसे पुसत भगदाडाबाहेर पडली. मी मागे वळून पाहिलं. बाग पुन्हा कोरी झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मांडव, बँड, फटाक्यांची माळ, सगळं यथासांग झालं. मंत्री उशिरा आले, पण आले. फीत कापून ते आत शिरले आणि पाच पावलांत थांबले.

"अरे वा! बाग कशी, काल रंगवल्यागत!"

"कुणाला पाय ठेवू दिला नाही साहेब," मुख्याधिकारी म्हणाले.

आमची पेठ मागोमाग चालली होती, नवी लुगडी नेसून आणि सगळ्यांच्या पायांत चपला. काल फुगडी घालणारी बाई स्केटिंगच्या गोलाकडे बोट दाखवून मोठ्यानं म्हणाली, "अगं बया, हे काय असतंया?" हास्यक्लबातले एक गृहस्थ झोपाळ्याला हात लावून "नवीन आहे" असं म्हणाले. मंत्री फोटोसाठी झोपाळ्यावर बसले, दोन झोके घेतले आणि खूष झाले. "कुरकुरत नाही! ठेकेदार कोण?" ठेकेदाराचा जागेवर सत्कार झाला. गोडंतेल घालणारा माझ्या शेजारी उभा होता. त्यानं तळहात अलगद टेकवले.

मग भाषणं झाली. मंत्री चांगलं बोलले. म्हणाले, "मी काय परका न्हाई. माझा बाप याच गावच्या मार्केट यार्डात गुळाचा गाडा घेऊन यायचा. गाड्यावरच्या रव्या-ढेपांत बसून मी हितं आलोय." लोकांनी टाळ्या वाजवल्या, आवाजाच्या. नंतर त्यांनी बटण दाबलं आणि बागेतली सगळी झुडपं एकदम गायला लागली.

पहिल्या रांगेत काकू आणि अण्णा बसले होते. गाणं सुरू झालं तसा अण्णांच्या शेजारचा माणूस त्यांच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी विचारू लागला. आवाजावर आवाज चढवून, पुन्हा पुन्हा, हसत. अण्णांनी मान खाली घातली. काल उंच खुर्चीवर बसलेला माणूस मला तिथं दिसेना. ते काकूंचा हात धरून उठू लागले. काकूंनी माझ्याकडे पाहिलं.

माझ्या हातातल्या कागदावर पुढचा कार्यक्रम होता आभारप्रदर्शन. मी स्पीकरवाल्याला गाणं थांबवायची खूण केली आणि म्हणालो, "आणि आता, नागरिकांच्या वतीनं दोन शब्द बोलतील सौ. रत्नप्रभा जंगम."

नगराध्यक्षांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेत पुढच्या वर्षभराची सूत्रसंचालनं बुडालेली मला स्पष्ट दिसली.

काकू उभ्या राहिल्या. मी खाली जाऊन माईक त्यांच्यासमोर धरला. त्यांनी एका दमात सांगितलं. पाच ते सहा. एक तास. स्पीकर नको, बोलणं नको. बाकी सगळं तुमचं.

मांडवात खसखस पिकली. मंत्री नगराध्यक्षांकडे वळले, नगराध्यक्ष ठेकेदाराकडे. ठेकेदारानं नकारार्थी मान हलवली. "मागणी रास्त आहे," नगराध्यक्ष दुसऱ्या माईकवर म्हणाले. "आपण यावर समिती नेमू."

समिती म्हटल्यावर काकूंचा चेहरा पडला. पण मंत्री रंगात आले होते. ते मंचावरून उतरले, माझ्या हातातला माईक घेतला आणि थेट अण्णांसमोर धरला.

"आता मालकीणबाई बोलल्या, मालकांचं काय म्हणणं? बोला अण्णा, बोला. लाजायचं न्हाई."

"साहेब, नको," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज माईकपासून दूर होता. मला तेवढा ऐकू आला. "त्यांना बोलता येत नाही. अर्धांगाचा झटका आल्यापासून वाचा गेलीय."

मंत्र्यांना ते ऐकू गेलं नाही. "बोला की!"

अण्णांच्या मिशा हलल्या. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. सगळा मांडव वाट बघू लागला. मागून कुणीतरी हसलं. माझ्या धंद्याचा पहिला नियम असा, की माईकवर शांतता पडली की ती ताबडतोब भरून काढायची. त्यासाठी माझ्याकडे शेर असतात, सुविचार असतात, अडीअडचणीला एक विनोद असतो. मंचाच्या कडेवरचा दुसरा माईक हाताशी होता. शेर जिभेवर आला होता. मी माईक उचलला आणि त्याचं बटण बंद केलं. स्पीकरवाला घाईनं गाणं लावायला निघाला होता, त्याला मी बोट दाखवून थांबवलं.

आणि मग तो आवाज आला.

"एक वार!"

एवढा आवाज एका माणसाच्या पोटात मावतो हे मला ठाऊक नव्हतं. माईकची गरज नव्हती. कडुनिंबावरचे कावळे उडाले. मंत्री एक पाऊल मागे सरले. मागच्या रांगांत यार्डातले हमाल, अडते, व्यापारी बसले होते; ते सगळे एकदम ताठ झाले. एक म्हातारा फेटेवाला अर्धवट उठून म्हणाला, "जंगमअण्णांचा पुकारा! अरे, जंगमअण्णा!"

तेव्हा मला कळलं, काल मी कुणाबरोबर कॅरम खेळलो होतो. गावच्या यार्डात उभ्या हयातीत गुळाचे सौदे पुकारणारा माणूस. त्यांचा पुकारा स्टँडवर ऐकू जायचा, गाडीवान त्यावर दर समजून घ्यायचे, असं मी गावात आल्यापासून ऐकत होतो. माणूस पाहिला नव्हता.

अण्णांनी डावा हात वर केला. एक बोट होतं, दुसरं वर आलं.

"दोन वार!"

यार्डाचा एक रिवाज आहे. दोन वार आणि तीन वार यांच्या मधल्या जागेत कुणी खोकतसुद्धा नाही, कारण खोकला तरी ती बोली धरतात. ज्याला मोडायचं त्यानं तेवढ्यात मोडावं. तीन वार झाल्यावर ब्रह्मदेव आला तरी सौदा फिरत नाही. मांडवातल्या निम्म्या माणसांच्या रक्तात तो रिवाज होता. ती श्वास रोखून बसली. नगराध्यक्षांना नेमका खोकला आला होता. त्यांनी रुमाल तोंडात कोंबला. तेही अडत्याचेच चिरंजीव होते.

ठेकेदार परगावचा होता. तो मंत्र्यांच्या कानाशी लागला, "साहेब, हे काय चाललंय?"

मंत्र्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ते अण्णांच्या वर गेलेल्या हाताकडे बघत होते, गाड्यावरच्या रव्यांत बसून बघावं तसे.

"गप," ते म्हणाले. "मधे बोलू नये." आणि त्यांनी आपली टोपी सरळ केली. "पाच ते सहा. एक तास. मला मान्य."

"तीन वार!"

अण्णांचा हात खाली आला. सौदा बसला.

कुणी ओरडलं नाही. पेठेतल्या माणसांनी हात उचलले, तळहात एकमेकांकडे नेले आणि अलगद टेकवून थांबवले. त्यांचं बघून यार्डातल्या माणसांनीही तसंच केलं. भरल्या मांडवात हात जोडलेले आणि आवाज नाही. मंत्र्यांना वाटलं, लोक आपल्याला नमस्कार करताहेत. त्यांनीही वाकून हात जोडले. त्यांचा गैरसमज कुणी दूर केला नाही.

गर्दी पांगल्यावर मी काकूंना गाठलं. अण्णा लांब एका बाकावर बसले होते. हमाल एकेक करून पाया पडून जात होते.

"काकू, काल का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही आज माईकवरून सांगितलं असतं," काकू म्हणाल्या. "चांगल्या शब्दांत."

मी हातातला कागद घडी करून खिशात टाकला.

"तेवढंच उरलंय त्यांच्याजवळ," त्याच पुढं म्हणाल्या. "एक वार, दोन वार, तीन वार. पाणी मागायला जातात, तेच बाहेर पडतं. नातीला हाक मारायला जातात, तेच. पाव्हणेरावळे मुद्दाम बोलायला लावतात आणि हसतात. जन्मभर आवाजावर जगलेला माणूस, त्यांनी खोलीबाहेर यायचंच सोडलं होतं. मग कुणीतरी म्हणालं, गिरणीमागं बाग आहे, तिथं कुणी बोलत नाही." त्या हसल्या. "पहिल्या दिवशी इथं उभे राहून बघत बसले. मग अंपायरच्या खुर्चीवर चढले ते चढलेच. इथं सगळेच मुके. त्यांच्याइतकं चांगलं मुकं राहणं कुणाला जमत नव्हतं, एवढंच."

"मग आज ते... समजून बोलले?"

काकूंनी बाकाकडे पाहिलं.

"ते मला काय ठाऊक? तोंडातून दुसरं काही आलंच नसतं. पण हात बघितलात ना तुम्ही? हात तर त्यांनी बरोब्बर वेळेला खाली आणला." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "विचारलं तर काय सांगतील? एक वार म्हणतील."

त्या संध्याकाळी मी पुन्हा गेलो. पुढचं फाटक सताड उघडं होतं, वर झेंडूचं तोरण होतं, आणि तिथून कुणीच येत नव्हतं. सगळे गिरणीला वळसा घालून भगदाडाशी येत होते आणि चपला काढत होते. बाबासो स्टुलावर बसले होते.

"आता कशाला राखण, बाबासो?"

"आवाज आला तर कळवायचं," ते म्हणाले. "आता अण्णांना."

पाचाला स्पीकर बंद झाले. बागेत एकेक माणूस गप्प होत गेला. अण्णा कॅरमवर माझी वाट बघत बसले होते. टोपी तिरकी, सोंगट्या लावलेल्या, बोर्डाखाली अजूनही गोधडी. मी समोर बसलो. सकाळपासून त्यांना काहीतरी सांगायचं मनात होतं आणि दिवसभर मी त्यासाठी चांगली वाक्यं जमवली होती. मी तोंड उघडलं.

अण्णांनी एक बोट वर केलं.

मी म्हणालो, "अण्णा, फक्त एवढंच..."

दुसरं बोट वर आलं.

तिसरं वर यायच्या आत मी तोंड मिटलं, आणि स्ट्रायकर हातात घेतला.